जातिवंत!

“पोरा, हा साधासुधा कुत्रा नव्हे. जातिवंत आहे, जातिवंत!”

पाच वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला शेजारच्या अण्णांनी हे वाक्य साऱ्या गल्लीला ऐकवले, तेव्हा मी दहावीत होतो. अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्य कागदांत गेलेले. कागद पक्का असला की जग पक्के, अशी त्यांची श्रद्धा. पुण्याहून आणलेल्या त्या आठ आठवड्यांच्या पिलाबरोबर तीन पिढ्यांची छापील वंशावळ आली होती. आमच्या गल्लीत स्वतःच्या पणजोबांचे नाव न अडखळता सांगणारी माणसे बोटांवर मोजावी लागतील. पण या पिलाच्या पणजोबांचे नाव अण्णा आठवड्याभरात तोंडपाठ म्हणू लागले.

पिलू डाल्मेशियन जातीचे होते. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके. दारातली रांगोळी उठून चालू लागली आहे, असे वाटावे इतके देखणे! अण्णांनी त्याचे नाव ‘प्रिन्स’ ठेवले. काकूंना ते जिभेवर बसेना, म्हणून त्या ‘ठिपक्या’ म्हणू लागल्या. कुत्र्याला मात्र दोन्ही नावे सारखीच होती. तो कोणत्याच नावाला ओ देत नसे.

प्रथम आम्हाला तो त्याचा रुबाब वाटला. “मोठ्या घरचा आहे, कुणाच्याही हाकेला धावायचा नाही,” असे अण्णा कौतुकाने सांगत. पुढे कौतुक ओसरले. ‘उद्धट’ आणि ‘मठ्ठ’ ही विशेषणे आली. दिवाळीत सारी गल्लीची कुत्री फटाक्यांना भिऊन मोटारींखाली दडली होती, आणि हा अंगणात पाय ताणून गाढ झोपला होता. “काय धीट आहे!” असे कोणीसे म्हणाले. काकू मात्र काही बोलल्या नाहीत. त्या आत गेल्या, पितळी परात घेऊन आल्या आणि झोपलेल्या पिलाच्या मागे त्यांनी ती फरशीवर आदळली. आम्ही सगळे दचकलो. ठिपक्याचा कानसुद्धा हलला नाही.

तो जन्मतःच ठार बहिरा होता.

अण्णांनी पिलू देणाऱ्याला फोन लावला. तो माणूस मोठा सज्जनपणे बोलला. पिलू परत आणा, त्याच जातीचे दुसरे बदलून देतो, म्हणाला. “मग या पिलाचे काय करणार?” असे अण्णांनी विचारले. त्यावर पलीकडून उत्तर आले, “त्याची काळजी तुम्ही नका करू.” या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी उमगला, काकूंना तो तत्क्षणी उमगला. त्या एवढेच म्हणाल्या, “माझा थोरला भाऊ जन्मापासून ऐकत नव्हता. त्याला कोणी बदलून आणला नाही.” त्यानंतर त्या घरात पिलू परत करण्याचा विषय निघाला नाही.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला. तीन पिढ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या कागदावर रंग होता, ठिपके होते, मिळालेली बक्षिसे होती. कोणाला ऐकू येत होते आणि कोणाला नाही, याचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. असे का? या प्रश्नामागे लागून मी गेली काही वर्षे जे मिळेल ते वाचत आलो आहे. त्यातून माझे जे मत बनले, ते येथे मांडतो आहे.

या कुत्र्याचे नाव क्रोएशियाच्या डाल्मेशिया या ॲड्रिआटिक किनारपट्टीवरून पडले. तेथील वेली लोशिन्य बेटगावातल्या चर्चमध्ये सतराव्या शतकातील वेदिचित्रात असा कुत्रा दिसतो. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनाही त्याचे मूळ क्रोएशियातच मानते. गंमत अशी, की बुफाँ या अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने अशाच ठिपकेदार कुत्र्याला थेट आपल्या बंगालचे नाव देऊन टाकले होते! असो. ठिपक्या बंगाली नव्हे, हे अण्णांना पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

त्याला मोठेपण लाभले ते इंग्लंडात. टॉमस ब्युइक याने १७९० सालच्या आपल्या प्राणिवर्णनाच्या ग्रंथात त्याला ‘घोडागाडीचा कुत्रा’ म्हणून नोंदवले आहे. श्रीमंतांच्या घोडागाड्यांबरोबर, कधी बाजूने तर कधी थेट आसाखालून, हा कुत्रा मैलोन्मैल धावे. वाटेत भटकी कुत्री घोड्यांच्या पायांत येऊ लागली तर त्यांना हुसकावणे, मुक्कामावर घोडे नि सामान राखणे, ही त्याची कामे. घोड्यांशी त्याचे सख्य इतके, की अमेरिकेत आगीचे बंब घोडे ओढत असताना त्यांच्या पुढे वाट मोकळी करीत धावण्याचा मान यालाच मिळाला. बंबांना मोटार आली, घोडे गेले, पण अग्निशामक दलाचे शुभचिन्ह म्हणून हा कुत्रा तेथे तसाच राहिला.

मित्रहो, येथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. जोवर त्याला काम होते, तोवर त्याची परीक्षा रस्ता घेत होता. ज्याचे पाय मजबूत, ज्याची छाती दमदार आणि ज्याला गाडीवानाची हाक ऐकू येते, तो चांगला कुत्रा. १८९० साली इंग्लंडात या जातीची संघटना निघाली आणि आदर्श डाल्मेशियन कसा असावा, याचे अधिकृत नियम झाले. पुढे घोडागाड्या गेल्या. रस्ता हा परीक्षक गेला आणि प्रदर्शनातला परीक्षक उरला. ठिपके गोल हवेत, कडा स्पष्ट हव्यात, एकमेकांत मिसळलेले नकोत, रंग काळा नाही तर तपकिरी हवा. हे सारे डोळ्यांना दिसते. बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. प्रदर्शनाच्या मांडवात तर मुळीच दिसत नाही.

डाल्मेशियनचे पिलू जन्मते तेव्हा पांढरे स्वच्छ असते. ठिपके दोनेक आठवड्यांनी उमटू लागतात. त्या पांढरेपणातच सारे मर्म आहे. अंगाला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतल्या भागातही असाव्या लागतात. तेथील द्रवाचा समतोल राखण्याच्या कामी त्या येतात. पांढरेपणा फार झाला की या पेशी तेथवर पोचत नाहीत, आणि ऐकण्याच्या नाजूक पेशी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच मरून जातात. अमेरिकेत हजारो पिलांच्या चाचण्या झाल्या. त्यांत १०० मागे सुमारे ८ पिले दोन्ही कानांनी आणि सुमारे २२ पिले एका कानाने बहिरी निघाली. म्हणजे जवळजवळ तीनांत एक! एका कानाने बहिरा असलेला कुत्रा तर घरच्यांनाही ओळखू येत नाही. त्याची पिले होतात आणि कागद पुढे चालू राहतो.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. काही पिले जन्मतानाच अंगावर, बहुधा कानावर किंवा डोळ्याभोवती, रंगाचा एक मोठा सलग डाग घेऊन येतात. या डागवाल्या पिलांत बहिरेपण कमी आढळते, कारण त्यांच्या अंगी रंगपेशी अधिक. आणि नियमपुस्तक काय म्हणते? जन्मतः डाग असलेला कुत्रा प्रदर्शनातून बाद! ज्या पिलाला ऐकू येण्याचा संभव अधिक, तेच अशुद्ध ठरले. पैदाशीतून ते वगळत आणायचे आणि मग बहिरी पिले फार निघतात म्हणून हळहळायचे. आणि या बहिऱ्या पिलांना दयेने मरण द्यावे, असा सल्ला तिकडील जाणकार पैदासकार वर्षानुवर्षे देत आले. ‘त्याची काळजी तुम्ही नका करू’ या वाक्याचा उगम मला येथे सापडला.

ठिपक्या तीन वर्षांचा झाला, तेव्हा दुसरे संकट आले. एके सकाळी तो अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी पाय वर करून नुसताच उभा राहिला. लघवी होईना. तो कण्हू लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मूतखडा सांगितला. पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. अण्णांनी त्या दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्या. तेव्हापासून त्याच्या आहारातून कलेजी वगैरे वर्ज्य झाली. काकू त्याच्या जेवणात ताकासारखे पाणी घालतात, आणि पाण्याचे भांडे दिवसातून चारदा भरतात.

याही दुखण्याचे मूळ जातीतच आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात यूरिक आम्लाचे रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात होते. माणसात व मोठ्या वानरांत तसे होत नाही, म्हणून तर माणसाला वातरक्त जडते. डाल्मेशियनच्या यकृतात हे रूपांतर करणारे विकर असते. पण यूरिक आम्लाला पेशींच्या आत-बाहेर नेणारे दारच नादुरुस्त. यूरिक आम्ल लघवीत उतरते आणि त्याचे खडे होऊ शकतात. सगळ्यांनाच होतात असे नाही. पण नर कुत्र्याचा मूत्रमार्ग चिंचोळा असल्याने त्याच्या जिवावर बेतते. हा दोष कोणत्या जनुकात आहे, ते २००८ साली निश्चित झाले. ध्यानात घ्या, शुद्ध वंशाच्या डाल्मेशियनांत हा दोष काहींत नव्हता, तर सगळ्यांतच होता. म्हणजे शुद्ध डाल्मेशियनचे शुद्ध डाल्मेशियनशी कितीही वेळा लग्न लावा, दोष जाणार नाही. घरात नसलेली वस्तू घरातल्या घरात शोधून कशी सापडावी? संशोधकांचा तर असाही तर्क आहे, की ठसठशीत ठिपके निवडता निवडताच माणसाने नकळत हा दोष सर्वत्र पसरवला असावा.

मग उपाय काय? तो रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली करून दाखवला. त्याने डाल्मेशियनचा संकर पॉइंटर या शिकारी कुत्र्याशी केला, फक्त एकदा. पुढे प्रत्येक पिढीत निरोगी पिले निवडून त्यांचा संबंध पुन्हा डाल्मेशियनशीच घडवला. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होत गेला. पाचव्या पिढीत तो बत्तिसाव्या हिश्शावर आला. पिले दिसायला डाल्मेशियन, स्वभावाने डाल्मेशियन, आणि यूरिक आम्लाचा दोष मात्र नाहीसा. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद करून घेतली. झाले! जातीच्या अभिमान्यांत खळबळ उडाली. आमच्या जातीत परके रक्त? नोंदी थांबल्या. इंग्लंडच्या केनेल क्लबने या वंशातल्या एका कुत्रीला २०१० साली स्वीकारले, आणि अमेरिकेत दार पुन्हा उघडले ते २०११ साली. मध्ये ३० वर्षे गेली. औषध दारात उभे होते आणि घरातले लोक त्याचे कूळ विचारत होते.

या ३० वर्षांत त्या कुत्र्याची लोकप्रियता काही कमी नव्हती. डोडी स्मिथ या लेखिकेने १९५६ साली एकशे एक डाल्मेशियनांची कादंबरी लिहिली. डिस्नेने १९६१ साली तिचा चित्रपट केला. आपल्यापैकी अनेकांनी तो लहानपणी दूरदर्शन संचावर पाहिला असेल. १९८५ साली तो अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित झाला. त्या वर्षी डाल्मेशियनांच्या सुमारे ८ हजार नोंदी झाल्या होत्या. १९९३ साली त्या ४२ हजारांवर गेल्या. १९९६ साली माणसे घेऊन नवा चित्रपट आला आणि पुन्हा लाट उसळली. ज्या कथेत एक दुष्ट बाई ठिपक्यांच्या लोभाने पिले पळवते, ती कथा पाहून हजारो सज्जनांनी ठिपक्यांच्याच लोभाने पिले घरी नेली! मैलोन्मैल धावण्यासाठी घडलेला हा प्राणी. त्याला दिवाणखान्यात कोंडले की तो घर डोक्यावर घेतो. लाट ओसरली तेव्हा तेथील अनाथ प्राण्यांची आश्रयस्थाने या देखण्या कुत्र्यांनी भरून गेली होती.

येथे अण्णांची बाजू मांडली नाही, तर माझ्याकडून अन्याय होईल. ते म्हणतात, “नियम नसते तर ही जातच उरली नसती. मुऱ्हा म्हैस, पंढरपुरी म्हैस आपण जात राखूनच टिकवली ना?” मुद्दा बिनतोड आहे. पण पंढरपुरी म्हशीची जात चरवीत कळते. कारवान कुत्र्याची जात तो सशामागे सुटला की कळते. तेथे जात म्हणजे गुणाची हमी असते. गुण मागे पडून नुसती खूण शिल्लक राहिली, की जात म्हणजे केवळ कागद होतो. नियम राखा, पण नियम कुत्र्यासाठी आहे की कुत्रा नियमासाठी, हेही अधूनमधून विचारा. माझे म्हणणे इतकेच आहे.

आता थोडे आपल्या भाषेविषयी. ‘जात’ हा शब्द आपण कुत्र्याला लावतो, आंब्याला लावतो, आणि माणसालाही लावतो. यातून मोठा घोटाळा होतो. कुत्र्याची जात माणसाने मुद्दाम जोड्या लावून घडवलेली असते. माणसाच्या जातीत तसले काही नाही. ते समाजाने घातलेले कुंपण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात रक्तशुद्धीचा युक्तिवाद पार मोडीत काढला आहे. तेव्हा कुत्र्यावरून माणसाची शास्त्रीय तुलना मी करणार नाही. ती करणेच चूक आहे. मला तुलना करायची आहे ती मालकांच्या मनोवृत्तीची. ‘आमच्यात परके रक्त नको’ हे वाक्य मी या कुत्र्याच्या इतिहासात वाचले, तेव्हा ते मला ओळखीचे वाटले. आमच्या घरातल्या लग्नाच्या बैठकीत मी ते ऐकले आहे. माझ्या चुलत बहिणीचे जमत आलेले लग्न त्या एका वाक्याने मोडले. मुलाचे शिक्षण, स्वभाव, निर्व्यसनीपणा कोणी पाहिला नाही. कागद पाहिला. कुत्र्याच्या जातीत जेथे रक्ताला खरोखर काही अर्थ आहे, तेथेसुद्धा शुद्धतेचा हट्ट असा अंगाशी आला. मग माणसात, जेथे त्याला काहीच अर्थ नाही, तेथे तो हट्ट कशाच्या आधारावर उभा आहे?

माझ्या मित्रांपैकी कोणाला डाल्मेशियन पाळायचा असेल, तर माझे सांगणे साधे आहे. वंशावळ मागाहून वाचा. आधी पिलाची आणि त्याच्या आई-बापांची श्रवणचाचणी झाली आहे का, हे विचारा. पाच आठवड्यांच्या पुढे ती करता येते. रोज त्याच्याबरोबर धावायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. आणि नुसता सोबतीला जीवच हवा असेल, तर आपल्या गल्लीत कागदावाचून जन्मलेली पिले काही कमी नाहीत.

ठिपक्या आता पाच वर्षांचा आहे. काकूंनी त्याला हातवाऱ्यांची भाषा शिकवली. तळहात खाली केला की बसायचे, पदर हलवला की जेवायला यायचे, आणि ओसरीवरचा दिवा दोनदा लावला-मालवला की अंगणातून घरात यायचे. काकू सांगतात, यातल्या निम्म्या खुणा त्यांनी लहानपणी भावासाठी वापरल्या होत्या. आमच्या गल्लीत काळ्या नावाचा एक गावठी कुत्रा आहे. त्याच्या आई-बापांचा ठावठिकाणा खुद्द त्यालाही नसावा. रात्री तो ठिपक्याच्या अंगाला अंग लावून अण्णांच्या फाटकाशी झोपतो. पाऊल वाजले की काळ्या कान टवकारून उठतो, आणि त्याचे अंग हलले की ठिपक्या उठतो. मग दोघे मिळून भुंकतात.

परवा एक पाहुणे अण्णांकडे आले होते. फाटकाशी ही जोडी पाहून त्यांनी विचारले, “यातला जातिवंत कोणता?” अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “ठिपक्यांचा पाहत असाल, तर तो. राखणीचा विचारत असाल, तर दोघे मिळून एक.”

वंशावळीचा तो कागद अजून अण्णांच्या कपाटात आहे. फक्त आताशा तो कोणाला दाखवायला ते बाहेर काढीत नाहीत.